फ्रोझन शोल्डरच्या शस्त्रक्रियेनंतर घरी: मोकळा झालेला खांदा मोकळा कसा राखावा

फ्रोझन शोल्डरची, म्हणजे सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आखडलेल्या खांद्याची, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली की खांदा टेबलावरच मोकळा होतो. रुग्ण भुलेखाली असतानाच सर्जन त्याचा हात वर, बाजूला आणि बाहेरच्या अंगाला फिरवून पाहतात आणि बहुतेक वेळा तो हवा तितका जातोही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सांध्याभोवतीचे जे जाड झालेले आवरण कापून सैल केलेले असते, ते भरून येताना पुन्हा आक्रसू पाहते, आणि ते सैल भरून येणार की आखूड, हे पुढच्या साधारण सहा आठवड्यांत हात किती आणि कसा हलवला यावर बरेचसे अवलंबून असते.

म्हणूनच आपल्या कोकणातल्या घरांत ऑपरेशन झालेल्या माणसाला मायेने जे सांगितले जाते, ते या बाबतीत उलटे पडते. "हात हलवू नको, झोळीतच ठेव, पडवीत आरामखुर्चीत बसून राहा, कामाचे आम्ही बघतो" या सल्ल्यातला शेवटचा भाग अगदी योग्य आहे आणि पहिला भाग अपायकारक आहे. हा सल्ला मोडलेल्या हाडाच्या अनुभवातून आलेला असतो. इथे मात्र काहीही मोडलेले नसते. माझ्या उजव्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फरक पटवण्यात माझी जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी व्यायामातही झाली नसेल.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी तपासून घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर केवळ आवरण सैल केल्याची नोंद आहे, की त्याच वेळी स्नायूचा फाटलेला कंडराही (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) शिवला आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कंडरा शिवलेला असल्यास हात काही आठवडे झोळीतच ठेवावा लागतो आणि या लेखातील व्यायामाचे वेळापत्रक अशा रुग्णाने मुळीच वापरू नये. पुढे लिहिले आहे ते केवळ आवरण सैल केलेल्या, अथवा भूल देऊन खांदा फिरवून मोकळा केलेल्या रुग्णांसाठी आहे, आणि तेथेही स्वतःच्या सर्जनने वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

यांपैकी कोणती पद्धत अधिक चांगली, हा विचार ऑपरेशन झाल्यावर करीत बसण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात भुलेखाली खांदा फिरवणे, दुर्बिणीने आवरण कापणे आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, अशा तीन उपचारांची तुलना केली होती, आणि वर्षअखेरीस त्यांतील कोणताही एक उपचार इतर दोहोंपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला नाही. लक्षात घेण्याजोगी बाब ही की शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांनाही नंतर फिजिओथेरपी दिलेलीच होती.

घाट उतरून घरी येताना

आपल्याकडचे अनेक जण या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याला जातात आणि एक-दोन दिवसांत परततात. कोल्हापूरहून गगनबावड्याचा, फोंड्याचा किंवा आंबा घाट उतरून यायचे असेल, तर वळणांवर अंग एका बाजूला झुकते आणि ऑपरेशन झालेला हात नकळत ताणला जातो. त्यासाठी कोपराखाली आणि दंड व बरगड्या यांच्या मध्ये एक मऊ उशी ठेवावी. कोणत्या बाजूला बसावे याचाही विचार करावा, कारण गाडीचा पट्टा खिडकीकडच्या खांद्यावरून येतो. डावा खांदा ऑपरेट झाला असेल तर चालकाच्या मागे, उजवा असेल तर मागच्या डाव्या आसनावर बसावे, म्हणजे पट्टा चांगल्या खांद्यावर येतो. पट्टा न लावणे हा यावरचा उपाय नव्हे.

रुग्णालय सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम प्रत्यक्ष करून घ्यावेत आणि नातेवाइकाने त्याचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. घरी आल्यावर कागदावरची काडीची माणसे पाहून हात नेमका कोणत्या दिशेला न्यायचा, हे कोणालाच आठवत नाही.

पहिली रात्र

शस्त्रक्रियेच्या वेळी बहुधा मानेपाशी इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केलेल्या असतात. हा परिणाम साधारण बारा ते चोवीस तास टिकतो. तोवर हात लाकडासारखा निर्जीव वाटतो, क्वचित त्या बाजूची पापणी उतरते, आवाज बसतो किंवा श्वास किंचित अपुरा वाटतो. हे सारे त्या इंजेक्शनमुळे असते आणि ते ओसरते. (श्वास खरोखरच लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.) बधिर हाताला चटका बसलेला कळत नाही, म्हणून त्या काळात चूल, चहाचे भांडे आणि शेकण्याची पिशवी यांपासून तो दूर ठेवावा.

पहिल्या दिवशी दुखत नाही म्हणून वेदनाशामक गोळी टाळण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच महागात पडते. बधिरपणा ओसरू लागतो तो बहुधा रात्री, आणि एकदा कळ चढली की गोळीचा असर व्हायला वेळ लागतो. म्हणून बोटांना मुंग्या येऊ लागताच, किंबहुना त्याआधीच, लिहून दिलेली गोळी घ्यावी आणि पहिले काही दिवस ती "दुखले तर" अशी न घेता घड्याळाप्रमाणे घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास सूज उतरवणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे. गावातल्या दुकानातून दुसरी एखादी गोळी आणून त्यात भर घालू नये, कारण अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांध्यात सलाइन सोडतात. त्यामुळे खांदा सुजलेला दिसतो आणि पहिल्या दिवशी गुलाबी पाणी झिरपून ड्रेसिंग ओले होते. पाहणाऱ्याला ते रक्त वाटते आणि घरात धावपळ उडते; तशी गरज नसते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा फ्रीझरमध्ये सुरमईच्या शेजारी बर्फाच्या दोन-तीन पिशव्या आधीच तयार ठेवाव्यात.

झोप हा या दुखण्याचा सर्वांत त्रासदायक भाग असतो. सपाट झोपले की दंड मागे लोंबतो आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला ओढ बसते. पाठीशी लोड आणि उशा रचून अर्धवट बसते झोपावे, आणि कोपर पाठीच्या पातळीच्या मागे जाणार नाही अशा बेताने त्याखाली घडी केलेली गोधडी ठेवावी. पडवीतली आरामखुर्ची दिवसभर बसून राहण्यासाठी घातक असली, तरी पहिल्या आठवड्यातल्या रात्रींसाठी तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. ऑपरेशन झालेल्या कुशीवर काही आठवडे झोपू नये.

व्यायाम

झोळी केवळ आधारापुरती असते. बधिरपणा गेला आणि पहिली कळ ओसरली की एक-दोन दिवसांत ती बाजूला ठेवावी आणि फक्त गर्दीत किंवा प्रवासात वापरावी. बोटे, मनगट आणि कोपर यांच्या हालचाली पहिल्याच दिवशी सुरू कराव्यात. खांद्याचे व्यायाम दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटे केलेले उपयोगी पडतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने करावेत आणि त्यानंतर बर्फ ठेवावा.

सुरुवात लंबकाच्या हालचालीने करावी. चांगला हात टेबलावर किंवा पडवीच्या कठड्यावर टेकून कमरेत वाकावे, ऑपरेशन झालेला हात सैल सोडावा आणि शरीर पुढे-मागे झुलवून त्याला हेलकावे द्यावेत. हात स्वतःच्या ताकदीने फिरवायचा नसतो; तो लोंबता राहिला तरच सांध्याला मोकळीक मिळते.

त्यानंतर उताणे झोपून चांगल्या हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरावे आणि हात डोक्याच्या दिशेने नेता येईल तितका न्यावा. ताण जाणवला की पंधरा ते तीस सेकंद थांबावे, श्वास रोखू नये, आणि हळूहळू परत आणावा. असे दहा वेळा करावे.

तिसरा व्यायाम बाहेरच्या अंगाला हात फिरवण्याचा. फ्रोझन शोल्डरमध्ये सर्वांत जास्त हीच हालचाल जाते आणि घरच्या व्यायामात नेमकी हीच वगळली जाते, कारण हात वर गेला की माणसाला आपण बरे झालो असे वाटते. उताणे झोपून किंवा बसून कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपर व बरगड्या यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी धरावी. दोन्ही हातांत छत्रीची दांडी किंवा सरळ काठी घेऊन चांगल्या हाताने ती अशी ढकलावी की दुसरा पंजा शरीरापासून बाहेर जाईल. टॉवेल खाली पडला तर समजावे की खांदा फिरला नसून कोपर निसटले आहे. दिवसात एकच व्यायाम करण्याइतकी उमेद असेल, तर तो हाच करावा असे माझे मत आहे.

कप्पीचा व्यायाम आपल्याकडे सोयीने करता येतो. फिजिओथेरपीच्या साहित्यात मिळणारी कप्पी महाग वाटली, तर विहिरीसाठी मिळते तशी लहान कप्पी हार्डवेअरच्या दुकानातून आणावी आणि पडवीच्या वाशाला पक्की बांधावी. त्या वाशाला वाळवी लागलेली नाही एवढे आधी पाहून घ्यावे. सुंभ तळहाताला काचतो, म्हणून सुती किंवा नायलॉनची दोरी घेऊन दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या नळीचे तुकडे मुठी म्हणून लावावेत. कप्पीखाली पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसावे, चांगल्या हाताने खाली ओढावे आणि दुसरा हात वर जाऊ द्यावा. समोर आरसा ठेवला तर फार उपयोग होतो. हात वर जाताना खांदा कानाकडे उचलला जात असेल, तर सांध्याऐवजी पाठीचे पाते काम करीत आहे असे समजावे आणि तेवढ्या उंचीखालीच थांबून सराव करावा.

भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम सर्वांना ठाऊक असतो. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर बोटांची साले निघतात, म्हणून तो दारावर किंवा गुळगुळीत भिंतीवर करावा. जिथवर बोटे पोहोचली तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. रोजच्या रोज फरक दिसत नाही, पण दर आठवड्याच्या रेघा पाहिल्या की कळतो. पाठीमागे टॉवेल धरून खालचा हात वर ओढण्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरच सुरू करावा. तो बहुतेकांना सर्वांत जास्त दुखतो आणि ती हालचाल सर्वांत सावकाश परत येते.

किती दुखू द्यावे, याचे एक व्यवहारी माप आहे. ताण देताना दुखले आणि व्यायाम थांबवल्यावर अर्ध्या तासात पूर्ववत झाले, तर ते चालते. व्यायामानंतर तासन्‌तास ठणका राहिला किंवा रात्रीची झोप गेली, तर पुढच्या वेळी जोर कमी करावा, परंतु व्यायामाच्या वेळा कमी करू नयेत. काहींच्या बाबतीत काही आठवड्यांनी खांदा पुन्हा ताठ झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी घाबरून व्यायाम सोडण्यापेक्षा डॉक्टरांना लवकर दाखवावे. आवश्यक वाटल्यास ते औषध बदलतात किंवा सांध्यात इंजेक्शन देतात.

हात ओढून "मोकळा करून देणाऱ्या" माणसाकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. भुलेखाली, स्नायू पूर्ण सैल असतानाही खांदा फिरवताना दंडाचे हाड मोडण्याचा धोका असतो, हे सर्जन संमतीपत्रावर लिहून घेतात. जागेपणी तोच प्रकार अंदाजाने करून घेण्यासारखे काहीही नाही. जखमा पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने हलके चोळण्यास हरकत नाही.

न्हाणीघर आणि कपडे

टाके सहसा दहा ते चौदा दिवसांनी काढतात आणि तोवर जखमा कोरड्या राहायला हव्यात. आपल्या दमट हवेत पाण्यापेक्षा घामाचा त्रास अधिक होतो. हात अंगाला चिकटून राहिल्यामुळे दोन-तीन दिवसांत काखेत लाली येते, खाज सुटते, पण हात बाजूला उचलता येत नसल्यामुळे तिथे पोहोचताच येत नाही. त्याची युक्ती अशी की लंबकाच्या व्यायामाप्रमाणे पुढे वाकावे. हात आपोआप अंगापासून सुटतो, आणि मग चांगल्या हाताने ओल्या फडक्याने काख पुसून, नंतर कोरड्या फडक्याने नीट टिपून घ्यावी. पावडर जखमेच्या आसपास लावू नये. बादली स्टुलावर ठेवली तर तांब्या घेण्यासाठी वाकावे लागत नाही.

कपडे घालताना ऑपरेशन झालेला हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. पुढे बटणे असलेला सदरा किंवा गाऊन काही आठवडे पुरतो. साडी एका हाताने नेसता येत नाही आणि मागे हुक असलेले कपडे तर पुष्कळ दिवस विसरावे लागतात. त्यात संकोच मानू नये. ज्यांचा डावा खांदा ऑपरेट झाला आहे, त्यांना शौचानंतरची स्वच्छता ही अडचण कोणी आधी सांगत नाही. हात मागे न नेता पुढून घ्यावा, अथवा पाण्याचा जेट बसवून घ्यावा. भारतीय पद्धतीच्या संडासात उठताना धरण्यासाठी चांगल्या हाताच्या बाजूला कडी असावी.

मधुमेह असल्यास

फ्रोझन शोल्डर मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि त्यांचा खांदा सुटायलाही वेळ लागतो. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते. त्या दिवसांत घरीच ग्लुकोमीटरवर तपासणी करावी आणि आकडे डॉक्टरांना कळवावेत. आजारी माणसाला म्हणून सकाळ-संध्याकाळ उकड्या तांदळाची पेज देणारे घर असेल, तर तिचे प्रमाण मोजून द्यावे.

कोणते काम कधी

जेवणे, दात घासणे, लिहिणे ही कामे त्याच हाताने पहिल्या आठवड्यापासून करावीत. तोही व्यायामच असतो. भाकरी थापणे किंवा पोळी लाटणे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जमू लागते. खवणीवर नारळ खवणे वरवर हलके काम दिसते, पण त्यात दाब आणि पीळ दोन्ही असतात, म्हणून ते सहा आठवड्यांपर्यंत दुसऱ्याकडे द्यावे. विहिरीचे पाणी ओढणे, नारळ सोलणे, आंब्याच्या भरलेल्या पेट्या उचलणे, झेल्याने आंबे काढणे, रापण ओढणे ही कामे तीन महिन्यांच्या आत करू नयेत आणि त्यानंतरही सर्जनला विचारून हळूहळू वाढवावीत. गणपतीची माटवी बांधायला वर हात करून बराच वेळ उभे राहावे लागते. हात पोहोचत असला तरी ताकद लवकर संपते, तेव्हा त्या वर्षी ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. शिक्षकांनी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहावे. मुलांना काही अडत नाही.

दुचाकी चालवण्याचा निर्णय दिवस मोजून घेऊ नये. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून अचानक ब्रेक लावता येतो का, आणि झोप आणणारी गोळी बंद झाली आहे का, हे पाहून घ्यावा. एसटीत उभ्याने प्रवास करताना वरचा दांडा त्या हाताने धरू नये. समुद्रात, तळीत किंवा विहिरीत उतरणे जखमा पूर्ण भरेपर्यंत वर्ज्य मानावे.

ताबडतोब दाखवण्याची लक्षणे

जखमेभोवती वाढत जाणारी लाली किंवा पू, १०० फॅरनहाइटच्या वर टिकून राहणारा ताप, बधिरपणाची वेळ संपूनही न जाणारा सुन्नपणा किंवा हाताची शक्ती गेल्यासारखी वाटणे, पोटरीला सूज व वेदना, आणि अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. घाट ओलांडून मूळ रुग्णालयात जाणे शक्य नसल्यास रत्नागिरी किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. दंडावरून कोपरापर्यंत उतरलेला निळसर-पिवळा डाग मात्र सहसा निरुपद्रवी असतो.

बहुतेकांचा खांदा तीन ते सहा महिन्यांत रोजच्या कामाला येतो, काहींना त्याहून अधिक वेळ लागतो. दर तपासणीला जाताना हात समोरून किती वर जातो, बाजूला किती जातो, पंजा किती बाहेर फिरतो आणि अंगठा पाठीवर कुठवर पोहोचतो, या चार गोष्टी तारखेसह लिहून न्याव्यात. बरे वाटू लागल्यावरही दिवसातून एकदा ताण देण्याचे व्यायाम सहा महिन्यांपर्यंत चालू ठेवावेत. पुढील काही वर्षांत काहींचा दुसरा खांदाही धरतो. त्या खांद्यात रात्रीची कळ सुरू झाली किंवा केस विंचरताना हात अडू लागला, तर तो पूर्ण आखडण्याची वाट न पाहता दाखवावा, कारण त्या टप्प्यावर इंजेक्शन आणि व्यायाम यांवर पुष्कळदा भागते आणि पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावे लागत नाही.